गडगडाट मागाहून आला

आमचे हे नजर अधू झाल्यापासून आगगाड्यांचे फोटो आवाजावरून काढतात. छंद काही सुटत नाही. रॉकेटचा एक तरी फोटो हवा म्हणून परवा त्यांना समुद्राकाठी उड्डाण पाहायला घेऊन गेले.

"तू सांगू नकोस हं, आवाजावरून कळेल मला," ते म्हणाले.

लांब झाडांमागून ज्वाळा उठली, वर चढली आणि ढगात शिरली. माणसं श्वास रोखून बघत होती. गडगडाट आमच्यापर्यंत पोचला तो त्यानंतर. यांनी घाईने बटण दाबलं.

"मिळालं का गं?"

कॅमेऱ्यात नुसता धूर होता.

"नाही," मी म्हणाले.

यापुढे सगळंच त्यांच्यापर्यंत असं पोचणार, होऊन गेल्यावर.

गर्दी पांगली. ते मात्र कॅमेरा आकाशाकडे धरून उभेच राहिले, आणि 'चला' म्हणायचा मला धीर होईना.