अंबाबाई टेलर्सची पाटी

आमच्या दुकानाची पाटी कुणालाच वाचता येत नव्हती. ती मी लिहिली होती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही कन्नड मुलखात राहणारे मराठी. तिथल्या शिवाजीनगरात अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान होतं, अंबाबाई टेलर्स. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, तोही चित्रकलेच्या कॉलेजची! अप्पांनी अट घातली. "दुकानाची पाटी रंगव. लोक थांबून बघतील अशी. नाही जमलं तर सोमवारपासून मशीनवर बस."

त्याच महिन्यात सरांनी आम्हाला जुनी जर्मन अक्षरं शिकवली होती. चपट्या टाकाची, काळीभोर, टोकदार, एकमेकांना खेटून उभी. मी भारावून गेलो. दुकानाचं नाव म्हणजे मानाचं, म्हणून ते इंग्रजीत, त्याच वळणात लिहिलं आणि एकूण एक अक्षर कॅपिटल काढलं. (या वळणात नुसती कॅपिटल लिहायची नसतात, नुसता गुंता दिसतो, हे सरांनी सांगितलं होतं. मी तेव्हा वहीत समास आखत होतो.)

पाटी चढली. अप्पा रस्त्यापलीकडे जाऊन बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"झकास दिसतंय की रे! काय लिहिलंय?"

"आपलंच नाव, अप्पा."

माझी मोठी बहीण, अक्का, म्हणाली, "मला तर वाचता येईना."

अप्पा तिच्यावरच उखडले. "तू सातवीपर्यंत शिकलीस. तो कॉलेजात आहे!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.

लोक खरंच थांबून बघायचे. बघून पुढे जायचे! चौथ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ टोपी हातात धरून आत आले.

"अण्णा, भावासाठी हवं होतं," ते कन्नडात हळूच म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत."

"सरी, सरी, बरं, बसा!" अप्पाही कन्नडात खुलले. "उंची?"

"पाच फूट आठ."

"छाती?"

"छाती कशाला?"

"मग सैल होईल ना! त्यांनाच घेऊन या, स्वल्प, जरासं माप घेतो."

"ते कसे येतील? ते आज सकाळी वारले."

अप्पांच्या हातातली टेप खाली पडली. गृहस्थांनी पाटीकडे बोट दाखवलं. असली अक्षरं त्यांनी फक्त दफनभूमीतल्या दगडांवर पाहिली होती. त्यांना वाटलं, इथे शवपेट्या मिळतात.

मी कापडाच्या ठाणामागे तोंड लपवलं. अप्पांनी त्यांना चहा पाजला, शवपेट्या करणाऱ्याचा पत्ता दिला. मग भावाचा जुना कोट मागवून त्याच मापाचा नवा काळा कोट संध्याकाळपर्यंत शिवून दिला.

गृहस्थ गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "अक्काला वाचता आलं नाही, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात..."

अप्पा पुन्हा काजं करायला बसले.

सोमवारी मी आपण होऊन मशीनसमोर जाऊन बसलो. अप्पांनी दंड धरून उठवलं.

"कॉलेजात जा."

माझे डोळे भरून आले. "खरंच, अप्पा?"

"पाटी पुसून पुन्हा रंगवता येते," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाची पँट कापून ठेवलीस, तर मी काय करू?"