अर्जुनरावांचा लेफ्ट बॅक

पुनावळ्यात माझं शिवणकामाचं दुकान आणि जहीरभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पत्र्याची. त्यामुळं भारताच्या फुटबॉल टीमचं काय चाललंय ते मला टीव्ही न लावता कळतं. आमच्याकडं बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. मी दुकान उघडून दत्ताच्या तसबिरीला उदबत्ती लावते, मशीनला तेल घालते, तोवर पलीकडं कोचचा उद्धार सुरू झालेला असतो.

तिथं चौघं जमतात. एक जहीरभाई. दुसरा समाधान, परभणीकडचा, वाकडच्या आयटीवाल्यांना कॅबमधून ने-आण करतो. तिसरा सनी, पंचविशीतला, चाकणला कंपनीत आहे. आणि चौथे अर्जुनराव, ज्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

अर्जुनराव मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचे, लेफ्ट बॅकला, म्हणजे मागं डाव्या बाजूला. लग्न झाल्यावर पोटासाठी इकडं आले. आधी भोसरीत एका लहान शेडमध्ये, मग चाकणला, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या कंपनीत. काम दोन्हीकडं एकच, प्रेसवर. वरून अवजड साचा पत्र्यावर आदळतो आणि पार्ट तयार होतो. शिफ्ट संपेपर्यंत तो आदळतच असतो. सनी त्यांच्याच प्रेसवर त्यांच्या जोडीला आहे. साचा बदलताना सनी आत हात घालून बोल्ट लावतो आणि अर्जुनराव बटणापाशी उभे राहतात. सनी थांबा म्हणाला की थांबायचं, एवढंच.

एरवी माणूस अबोल. रस्त्यात भेटले तर मान हलवून पुढं जातील. पण गुरुवारी गॅरेजमध्ये त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर. आणि वर्षभर म्हणणं एकच, डाव्या बाजूला डाव्या पायाचाच माणूस पाहिजे. मिझोरामचा कुणी एक डावखुरा पोरगा त्यांनी मोबाइलवर हेरून ठेवला होता.

"कोच बाहेरचा आणा नाहीतर आपला आणा," समाधान म्हणायचा, "क्लबवाले पोरं सोडायलेत कुठं? चार दिवसांचा कॅम्प. तेवढ्यात तं नव्या ड्रायव्हरला वाकडचे सिग्नल बी पाठ होत नाहीत."

"ते सोड, गोल कोण मारणार ते सांग," जहीरभाई पान्यानं नट पिळता पिळता विचारायचे. "क्लबमध्ये पुढं सगळे फॉरेनर. आपला पोरगा बेंचवर बसून पाणी पितो. मग इंडियाकडून उतरला की त्याला गोल बघून घाम फुटतो. पार्टच नाही तर मी गाडी चालू करून देईन का? कोच तरी काय करेल?"

"फुडचं सोडा," अर्जुनराव सुरू व्हायचे. "मागं डाव्या बाजूला भोक पडलंय. उजव्या पायाचा माणूस उभा केलाय तिथं. बॉल आला की हा आत वळतोय. ह्यो वळंपर्यंत समोरचा बॉल घिऊन पसार. त्या मिझोरामच्या पोराला घ्या म्हणतोय मी."

"काका," सनी मध्ये पडायचा, "तो किती बुटका आहे. हेडरला उडी मारली तर समोरच्याच्या खिशाला टक्कर देईल."

"त्याला घ्या म्हणतोय मी."

"अहो काका, मी काय म्हणतोय, त्याच्यापेक्षा तो गोव्याचा..."

"कोचला डोळंच न्हाईत."

जहीरभाई हसून म्हणायचे, "सनी, गप बस. हे सुप्रीम कोर्ट आहे. पुढं अपील नाही."

सगळे त्यांना हट्टी समजत होते. मीसुद्धा.

गुरुवारी संध्याकाळी अर्जुनराव आणि त्यांच्या पत्नी इंदुताई दत्ताच्या देवळात आरतीला येतात. मीही असते. पूर्वी अर्जुनराव डोळे मिटून टाळ्या वाजवायचे. या वर्षी माझ्या लक्षात आलं की ते डोळे उघडे ठेवतात, आणि देवाकडं बघत नाहीत, पुढच्या माणसाच्या हातांकडं बघतात. त्याचे हात हलले की यांचे हलतात. आरती थांबली की सगळ्यांच्या मागून यांची एक टाळी पडते.

एका गुरुवारी प्रसाद घेऊन आम्ही दोघी ओट्यावर टेकलो तेव्हा मी इंदुताईंना त्या टाळीबद्दल विचारलं. त्यांनी आधी चप्पल घातली, मग काढली आणि परत बसल्या.

"तुला कळलं म्हणजे आता सगळ्यांनाच कळायचं," त्या म्हणाल्या. "ऐकू येत न्हाई गं विजू त्यांना. समोर तोंड करून बोललं तर ओठावरनं वळखत्यात. पाठ फिरवली की संपलं. भोसरीला होते तेव्हा कानात घालायला कोण काय देत होतं? इथं देत्यात, पण आता काय उपयोग."

"कंपनीत माहीत नाही?"

"दर साली तपासणी असती. काचेच्या खोलीत बसवत्यात, कानाला लावायला देत्यात, आवाज आला की बटण दाबायचं. हे काचेतनं त्या तपासणाऱ्या पोरीचा हात बघत बसत्यात. तिनं तिकडं हात हलवला की यांनी इकडं दाबलं. मागच्या साली असंच निभावलं. आता परत आली तपासणी, ह्यो सोमवार सोडून पुढच्या सोमवारी."

"नाही निभावलं तर?"

"प्रेसवरनं काढतील. निवृत्तीला अजून थोडी वर्षं हायत. मागं एकाला असंच काढून गेटपाशी बसवला होता. गेलेल्या-आलेल्याला नमस्कार करायचा, दुसरं काम न्हाई. तो दिवाळीपतुर टिकला न्हाई, आपणहून घरी बसला. हे म्हणत्यात, प्रेस सोडून मला येतंय काय?"

मला गॅरेजमधली भांडणं आठवली. "मग तिथं कसे काय वाद घालतात हो?"

इंदुताई हसल्या, पण दमल्यासारख्या. "तिथं कुणाला ऐकायचं असतंय? सगळी एकदम बोलत्यात. म्हणून तर जात्यात ते. घरी मी एकटीच बोलते, मग उत्तर द्यावं लागतंय."

त्या गेल्यावर मी देवापुढं हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. पास होऊ दे म्हणावं तर उरलेले कानही जाणार. नापास होऊ दे, असं दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी कसं मागायचं? नुसतीच हात जोडून उभी राहिले.

पुढच्या गुरुवारी टीम जाहीर होणार होती. मी ब्लाऊजचं कापड बेतत होते. पलीकडं हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता. अर्जुनराव नेहमीसारखे गॅरेजच्या दारात, रस्त्याकडं तोंड करून, जुन्या स्कूटरच्या सीटवर बसले होते. माझ्या दारातून मला त्यांची एक बाजू दिसत होती.

"आली टीम," सनी आतून ओरडला आणि मोबाइलवरची नावं वाचायला लागला. गोलकीपर झाले. मग एकदम थांबला. "काका, घेतला. तुमचा मिझोरामचा पोरगा घेतला."

"काय सांगतो?" जहीरभाई म्हणाले. "बघू. अरे खरंच आहे."

"काका, आता पेढे काढा," समाधान म्हणाला. "कोच तुमच्या घरी येऊन गेला वाटतं. गुपचूप चहा पाजला काय?"

अर्जुनरावांनी मान थोडी वळवली. सनीच्या हातातला मोबाइल त्यांना दिसला असणार, आणि टीम आली एवढं त्यावरून समजलं असणार. ते परत रस्त्याकडं बघून बोलायला लागले.

"मला ठावंच हाय. न्हाईच घेणार. डाव्या पायाचं पोरगं दिसतंय कुठं ह्यास्नी? परत त्योच उजव्या पायाचा गडी उभा करतील."

सगळे हसले. "काका, मस्करी पुरे," सनी म्हणाला. "घेतलाय त्याला."

"लिहून घ्या माझ्याकडनं. कोच त्याला घ्यायचा न्हाई. म्हातारा झाला तरी न्हाई घ्यायचा."

समाधान अजून हसत होता. जहीरभाईंनी कॉम्प्रेसर बंद केला. गॅरेज एकदम शांत झालं, तरी अर्जुनरावांचा आवाज तसाच चढा राहिला. कॉम्प्रेसर थांबलाय हे त्यांना कळलंच नव्हतं. रस्त्यावरनं जाणारी एक बाई वळून बघायला लागली. मग समाधानचंही हसू गेलं.

मी कात्री हातात घेऊनच दारात आले. जहीरभाईंनी सनीच्या हातातून मोबाइल घेतला, फडक्याला बोटं पुसली, अर्जुनरावांच्या समोर जाऊन उकिडवे बसले आणि मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. नावावर बोट ठेवलं. अर्जुनरावांनी वाचलं. मग एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. माझ्याकडंही बघितलं.

"घेतला की," ते अगदी हळू म्हणाले.

सनी पुढं आला आणि त्यांच्या समोर जमिनीवरच बसला.

"काका, परवा साचा बसवताना मी थांबा म्हणून ओरडलो होतो. तुम्ही थांबला होता."

"थांबलो की."

"ऐकून थांबला?"

अर्जुनराव त्याच्या ओठांकडं बघत राहिले. कळलं नव्हतं असं नाही. "तुझा खांदा बघून," ते म्हणाले. "वराडायच्या आधी तुझा खांदा मागं येतोय. रोज बघतोय मी. एकदा बी चुकलो न्हाई."

"आणि खांदा दिसला नाही तर?"

सनीनं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. जहीरभाई म्हणाले, "चहा सांगतो," पण जागचे हलले नाहीत.

"मी कुणाला सांगणार नाही, काका," सनी म्हणाला. "पण मला भीती वाटणार आता."

अर्जुनरावांनी मान हलवली. सीटवरून उठले, पँट झटकली आणि घराच्या रस्त्याला लागले. चहा आला तेव्हा एक कप जास्त झाला. जहीरभाईंनी तो मला आणून दिला. "ताई, आम्ही वर्षभर त्यांच्याशी भांडलो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आरतीला इंदुताई एकट्याच आल्या, आणि न बसता गेल्या.

सोमवारी काय झालं ते त्यांनी मला मंगळवारी दुकानात येऊन सांगितलं. "मधल्या तीन दिवसांत सनीला आत हातच घालू दिला न्हाई म्हणे. बोल्ट सगळे यांनीच लावले. आणि तपासणीला त्या काचेच्या खोलीत गेले ते खुर्ची फिरवून बसले, काचेकडं पाठ करून. ती पोरगी आत येऊन म्हणाली, काका, इकडं तोंड करून बसा. यांनी हातानंच नको म्हटलं." त्यांनी काउंटरवरचा दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळला. "बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. कायच ऐकू येईना. यांना वाटलं, तिनं अजून मशीन चालूच केलं न्हाई. वाट बघत बसले, विजू. मग तिनं येऊन खांद्याला हात लावला आणि म्हणाली, झालं काका, उठा."

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?

या गुरुवारी अर्जुनराव येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी भारत एका गोलनं हरला होता, आणि तो गोल डाव्या बाजूनंच झाला होता, मिझोरामच्या पोराला चकवून. एरवी समाधाननं एवढ्यावर महिना काढला असता. अर्जुनराव आले, जुनी सीट उचलून आत घेतली आणि तिघांच्या समोर तोंड करून बसले.

जहीरभाईंनी त्यांच्याकडं बघून सावकाश विचारलं, "काय म्हणाली कंपनी?"

"प्रेसवरनं काढलं. पार्टची मापं तपासायच्या खोलीत टाकलंय. कानाचं मशीन मिळणार हाय, अजून आलं न्हाई." मग म्हणाले, "तिथं खुर्चीवर बसून काम. बसून काम कसं करत्यात ते मला कुठं येतंय? दुपारपतुर उभाच हुतो."

"चांगलंय की काका, गार हवेत," सनी म्हणाला. मग अर्जुनरावांचं लक्ष नव्हतं असं वाटून त्यांच्याकडं वळला आणि परत म्हणाला.

"तुझ्या जोडीला कोण दिलाय?"

"एक नवीन आहे. बरा आहे."

"त्याला सांग, खांदा बघू नगं. कान दे म्हणावं."

मग अर्जुनराव स्वतःच म्हणाले, "बोला की मॅचचं. पोरगं चकलं म्हणं."

"चकलं म्हणजे," समाधान सुरू झाला, पण मध्येच जहीरभाई बोलायला लागले, आणि सनीही. अर्जुनराव या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघायला लागले. ते बघून तिघंही एकदम थांबले. जहीरभाईंनी हात वर केला. "एकेकानं. समाधान, तू बोल आधी."

समाधान बोलला. सावकाश, शब्द सुटे करून, मास्तरांपुढं उभा असल्यासारखा. पोरगा पुढं गेला आणि मागं यायला उशीर झाला, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मग सनीची पाळी. मग जहीरभाईंची. अर्जुनरावांनी तिघांचं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "खरं हाय. उशीर केला त्यानं. पर एका मॅचवरनं काढू नगा."

"नाही काढणार," समाधान म्हणाला.

"मीपण तेच म्हणत होतो," सनी म्हणाला.

असं पाळीपाळीनं बोलायला लागल्यावर भांडण काही जुळेना. मी मशीन थांबवून गॅरेजच्या दारापाशी येऊन ऐकत होते. थोड्या वेळानं जहीरभाई पाना उचलून नट पिळायला बसले.