गाईसारखी गरीब, पण कोणत्या गाईसारखी?

शाळेत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाई बजावून सांगायच्या की, उपमा कुठं थांबवायची ते कळलं पाहिजे. मुख चंद्रासारखं म्हटलं की सुंदर एवढंच घ्यायचं, डाग आणि अमावस्या उकरत बसायचं नाही. मला ते लगेच पटलं. माझ्या मामांना मात्र जन्मात पटलं नसतं. ते घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल होते आणि त्यांची उपमा एकदा दावं तोडून सुटली की सगळं शिवार तुडवूनच परत यायची. माझे वडील दमून ओट्यावर बसले की मामा म्हणायचे, "दाजी खांदा आलेल्या बैलावानी दिसत्यात." तिथं थांबले तर ते मामा कसले? मग खांद्याला तेल-हळद चोळा, चार दिवस औताला जुंपू नका, पेंड वाढवा, सगळं व्हायचं. वडील निमूट ऐकून घेत. बायकोच्या भावाला कोण बोलणार!

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले आणि मला पाहायला काष्टीकडची माणसं आली. मुलगा नगरला एका शाळेत मास्तर होता. हे स्थळ मला हवं होतं, खरं सांगायचं तर मुलापेक्षा नगर हवं होतं. नगरला कॉलेज होतं आणि मला कॉलेजात जायचं होतं. आमच्या गावात राहून ते होणार नव्हतं, आणि याआधीची दोन स्थळं माझ्या नाकावरच्या रागाची कुणकुण लागून परत गेली होती. म्हणून आईने बोलणी मामांवर सोपवली. सौदे जमवण्यात त्यांचा हातखंडा होता.

मी डोक्यावरून पदर घेऊन पाटावर बसले. पोहे झाले, चहा झाला. मामा घसा खाकरून म्हणाले, "पोर आमची गाईवानी गरीब हाय."

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "कोणच्या गाईवानी?"

झालं. एवढ्या वर्षांत मामांची उपमा कुणी अशी दाव्याला धरली नव्हती. मामा खुललेच. "आपली गावठी हो. पोरानं शेपूट वढली तरी हलायची न्हाई."

"तुमच्याच बाजारातनं आणली हुती मागल्या साली एक. गरीब म्हणूनच दिली. पयल्याच दिशी चरवी उडवली, अन् मला गोठ्याभाईर."

"ती मारकी असंल. ही तशी न्हाई."

"वढाळ हाय का?"

"छ्या! दावं सोडलं तरी जाग्यावर उभी."

मी पदराखाली दात-ओठ खात होते. ती माणसं मला पाहायला आली होती आणि सगळे गाय बघत होते. मुलगा तेवढा चटईच्या काड्या निरखत होता.

"मग खोड काय हाय, ते सांगा," मुलाचे वडील म्हणाले.

"खोडच न्हाई."

यावर त्यांनी टोपी नीट केली आणि उठायच्या बेताने गुडघ्यांवर हात ठेवले. बाजारातली रीतच आहे, दलालाने जनावराची खोड आधी सांगायची. सांगितली तर गिऱ्हाईक विचार करतं, आणि खोडच नाही म्हटलं तर मोठी काहीतरी लपवली आहे असं धरून चालतं. मामांना हे पुरतं ठाऊक होतं, पण भाचीच्या मायेत धंदा विसरले. माझं नगर माझ्या डोळ्यांदेखत चप्पल शोधायला लागलं.

"मला राग येतो," मी म्हणाले.

आतून आईचा "अगं बाई" ऐकू आला. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं.

"राग आला की लाथ मारती का नुसती शिंगं उगारती?"

"उगारते."

"हां, आता कसं." ते पुन्हा टेकून बसले. "आनखी?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला कॉलेजात जायचंय."

मामांनी कपाळाला हात लावला.

"ही खोड मोठी हाय," मुलाचे वडील सावकाश म्हणाले आणि मुलाकडे वळले. "का रं? संभाळशील?"

मुलाने चटईवरची नजर काढली. "आबा, ही खोड नाही. अकरावी पास आहे म्हणूनच मी आलोय. नाहीतर येत नव्हतो."

पाहायला आलेल्या मुलाकडे मुलीने मान वर करून बघायचं नसतं. मी बघितलं. पदर मागे घसरला तरी तो न सावरता, चांगलं पोटभर बघितलं.