'वि. वि.' ते 'कळावे'

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचं राहिलं, आणि लेकीला सांगायची — छाती नाही. तुम्ही तिऱ्हाईत आहात, म्हणून तुम्हाला.

आधी एक विचारतो. वेळ वाचवून तुम्ही त्याचं काय करता? मला ती खोडच होती. अंबडजवळच्या एका साखर कारखान्यात मी टाइमकीपर. कामगार पाच मिनिटं उशिरा आला की त्याच्या नावापुढं लाल शाई. हंगामात मान वर करायला फुरसत नसायची, हे खरं. पण गळीत संपल्यावर? पाच महिने नुसत्या माश्या मारायच्या. तरी घरात तोंडी एकच, वेळ नाही. वसाहतीच्या क्लबात कॅरम मांडलेला असायचा, तिथं मात्र वेळच वेळ.

बायको शांता, आष्टीची. तिला वाचता येत नव्हतं. 'हंगाम संपला की शिकवतो' असं मी किती हंगाम म्हणालो — जाऊ द्या. एकुलती लेक मंदा गडचिरोलीकडं दिलेली, जावई जंगलखात्यात. नव्वदच्या आसपासची गोष्ट, फोन कुठला? महिन्याला निळं आंतरदेशीय पत्र यायचं. शांता हात पुसून समोर येऊन बसायची. आणि मी —

मी 'वि. वि.' वरून थेट 'कळावे' वर उडी मारायचो. मधलं सगळं गाळायचो. सगळे खुशाल आहेत, तुझी आठवण काढते. संपलं पत्र. उत्तरही मीच लिहायचो, दोन ओळींचं.

"एवढंच? सगळ्या बाजू भरून लिव्हलंय की हो."

"अक्षर मोठं हाय तिचं."

ती पत्र उलटंसुलटं करून बघायची आणि डब्यात ठेवायची.

मग मंदाला दुसऱ्यांदा दिवस गेले. ते पहिल्याच ओळीत होतं, म्हणून आम्हाला कळलं तरी. पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालेलं, दुसरं सासरी होणार. शांतानं डिंक-खारीक आणून ठेवली. पण आमच्यात बोलावणं आल्याशिवाय आई लेकीच्या सासरी जात नाही. त्यामुळं दर पत्राला तिचा एकच प्रश्न, "मला बोलावलंय का?"

"न्हाई," मी म्हणायचो. न वाचता. क्लबात तिघं चौथ्या गड्याची वाट बघत बसलेले असायचे ना!

"मंग पुढच्या पत्रात बोलावील," ती म्हणायची.

मुलगा झाला. बारसं झालं. शांता गेली नाही. त्याच श्रावणात तिला कावीळ झाली, आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. मंदा तान्हं पोर घेऊन पोचली ती राख सावडायच्या दिवशी.

तेराव्यानंतर मी तो डबा उघडला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! तिला दिवस गेल्यापासूनची सात पत्रं होती, ती सातही अक्षरन् अक्षर वाचली. एकेका पत्राला चार मिनिटं लागली — हो, घड्याळ लावून मोजली, जित्याची खोड. प्रत्येकात मधोमध तेच. आई, तू ये. मला भीती वाटते. आई, तू का येत नाहीस? माझ्यावर रागावलीस का?

दोघींना मिळून तेवढेच महिने उरले होते. मी त्यातली चार-चार मिनिटं वाचवत बसलो! वाचवली ती गेली कुठं? एक डाव आठवत नाही मला. कोण जिंकलं, कोण हरलं, काही नाही. डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

पण खरी कबुली पुढंच आहे. मंदा तेव्हा घरातच होती. बाळाला न्हाऊ घालायला तिनं पाणी मागितलं, आणि मी ती सातही पत्रं बंबात घातली. त्याच पाण्यानं तिनं पोराला आंघोळ घातली.

मंदा अजून दिवाळीला येते. आईच्या फोटोपुढं उभी राहते आणि दर वर्षी विचारते, "दादा, मी एवढं लिव्हलं, तरी आईला यावंसं वाटलं न्हाई?"

आणि मी म्हणतो, "तिचा सोभावच तसा होता, बाई."