थांडीच्या आईचा चेहरा आणि सोलापूरची चादर

थांडीला व्हिसा मिळाला नाही, म्हणून सोलापूरला मी एकटीच निघाले. थांडी जोहान्सबर्गची चित्रकार. व्हिडिओ, आवाज, कापड, हाताला लागेल त्यातून ती वर्णभेदाला आणि जुन्या गोऱ्या राजवटीला जाब विचारते. तिचे व्हिडिओ मी पुण्यात बसून एडिट करते. आई गेल्यापासून मी कुठेच गेले नव्हते आणि घर खायला उठत होतं.

सकाळची गाडी पकडा, जेवायच्या वेळेला पोचाल. स्टेशनजवळच्या खानावळीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी मिळाली, एकशेवीस रुपयांत. वाढप्याने "दोन ताटं?" विचारलं. एकच म्हणाले आणि उगाच ओशाळले. विणकरांच्या पूर्व भागात जायला रिक्षावाला दीडशे सांगतो, शंभरात येतो.

चादरी विणणाऱ्या नरसय्यामामांचे माग घरामागच्या पत्र्याखाली आहेत. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. थांडीला तिच्या आईचा चेहरा विणलेली चादर हवी होती. प्रदर्शनात ती चादर जमिनीवर अंथरून लोकांना तिच्यावरून चालायला लावायचं होतं.

मामांनी फोटो निरखला. "ह्या कोण?"

"तिची आई. तिकडे काळ्या माणसांना कायम पास बाळगावा लागायचा. त्या पासवरचा फोटो आहे."

"दुसरा न्हाय?"

"नाही. सरकारने काढला तेवढाच."

त्यांनी फोटो परत दिला. "मग जमणार न्हाय ताई. भितीला लावायचा असंल तर आज सुरू करतो. पायाखाली न्हाय."

दुप्पट पैसे देते म्हणाले, मूर्खासारखी. शेवटी थांडीला फोन लावला. "पाय टाकताना लोकांना लाज वाटावी, म्हणूनच तर," ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं.

"लाज त्यांना वाटायची, मग तुडवून आईनं का घ्यायचं?" मामा म्हणाले. "पासवर ह्यो सरकारी शिक्का हाय की. त्यो लई मोठा विणतो. त्याच्यावर नाचू द्या."

मी ते थांडीला इंग्रजीत सांगितलं. मग ती म्हणाली, "शिक्का विणा. आईला राहू दे." फोन ठेवल्यावर वाटलं, तिच्याजवळ तिकडे कोणी असेल का?

चादर पंधरा दिवसांनी पार्सलने येणार होती, म्हणून संध्याकाळच्या गाडीने परतले.

दुसऱ्या दिवशी, आई गेल्यापासून पहिल्यांदाच, मोबाइलमधले तिचे फोटो उघडले. थांडीकडे एकच आहे, माझ्याकडे सहाशेच्या वर. आई चहा गाळताना, गच्चीत, दवाखान्यात. सगळे मीच काढलेले. एकेक करून सगळे पाहिले. आईबरोबर मी एकाही फोटोत नाही.