ताईच्या कॉम्प्युटरचा वेग

दुकानात येणारे सगळे त्याला थर्मामीटर म्हणत. कुणी कॉम्प्युटर घेऊन आला की काय बिघडलंय हे विचारायच्या आधी हा विचारायचा, "गरम किती होतो?" अशा माणसाला दुसरं काय नाव पडणार? दुरुस्तीचं दुकान जिन्याखालचं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं फुटपाथवर उभं राहायचं. तरी प्रोसेसरचा वेग वाढवून घ्यायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे आणि निमूटपणे त्याचं प्रवचन ऐकायचे. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवता येतो, पण बेतानं. थोडा वेग वाढवायचा, तापमान बघायचं, ठीक असेल तरच आणखी थोडा. व्होल्टेज लागेल तेवढंच द्यायचं. आणि शेवटी मशीन जिथं रोज बसणार तिथंच ठेवून रात्रभर त्याच्याकडून ढोरमेहनत करून घ्यायची. "अर्ध्या तासात पास झालेल्या मशीनवर माझा विश्वास नाही," असं म्हणून तो घाईतल्या गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवायचा.

आणि याच माणसानं सख्ख्या बहिणीचं मशीन अर्ध्या तासात उरकलं.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आईला शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं, तेव्हा आईचंही तिनंच केलं आणि याचंही. आता ती एकटी राहायची आणि फर्निचरच्या एका दुकानासाठी स्वयंपाकघरांची चित्रं बनवायची. कॉम्प्युटरवर मापं टाकायची, कपाटांना रंग द्यायचे, खिडकीतून ऊन आणायचं आणि बटण दाबायचं. मग मशीन तासन्‌तास बसून फोटोसारखं हुबेहूब चित्र तयार करायचं. तेवढ्यात ताई बाजार करून यायची.

"तुझ्या दुकानात पोरं खेळ खेळायला वेग वाढवून नेतात, आणि मी इथं चित्राची वाट बघत म्हातारी होतेय," असं ती एकदा सहज बोलून गेली. झालं, याचे हात शिवशिवायला लागले. मशीन टेबलाखालच्या कपाटातून बाहेर काढून त्यानं वेग वाढवला, जेवायची हाक येईपर्यंत तपासला आणि मशीन परत आत सारलं. पंख्याच्या आवाजानं डोकं उठतं म्हणून ताई त्या कपाटाचं दार नेहमी बंद ठेवते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण पहिलं चित्र झटक्यात झालं, ताई म्हणाली, "हुशार आहे हं माझा भाऊ," आणि साहेबांची छाती फुगली.

उन्हाळा लागला. एका दुपारी तो सहज डोकावला, तर ताई कॉम्प्युटरसमोर नुसतीच बसलेली.

"चित्र लावून बाहेर गेले होते रे," ती म्हणाली. "परत येऊन बघते तर काही लावलेलंच नाही. स्क्रीन कोरी. हे काही पहिल्यांदा नाही झालं." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आईचंही असंच सुरू झालं होतं ना? दूध तापत ठेवलंय म्हणायची, आणि पातेलं फडताळात."

त्यानं कपाटाच्या दाराला हात लावला. दार चांगलंच तापलं होतं. सगळं त्याच्या तिथंच लक्षात आलं. कोंडलेल्या हवेत वाढवलेला वेग मशीनला झेपत नव्हता. अर्ध्यावर ते बंद पडायचं, आपोआप परत सुरू व्हायचं आणि काही घडलंच नाही असं साळसूदपणे बसून राहायचं. सांगायचं एवढंच होतं, की माझं चुकलं. पण तो म्हणाला, "होतं गं असं कधीकधी. दमली असशील."

ती पाणी आणायला आत गेली तेवढ्यात त्यानं वेग पूर्वीइतका करून टाकला. आता काही होणार नाही, मग उगाच विषय कशाला काढा, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

मशीन सुधारलं, ताई नाही. तिनं स्कूटरची किल्ली त्याच्याकडे देऊन टाकली. रस्ताच आठवला नाही तर काय करू, म्हणाली. दुकानात तिचे फोन यायला लागले. "मी गॅस बंद केला होता का रे?" तिच्या घरातला गॅस याला दुकानातून कसा दिसणार? तरी तो म्हणायचा, "केला होतास," आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटायची. आज सांगू, उद्या सांगू करत तो मूग गिळून बसला होता. गिऱ्हाइकांपुढचं प्रवचनही आता तो अर्ध्यावरच आवरायचा. मग एक दिवस ताईनं सांगितलं, की चित्रांचं काम तिनं सोडलं, दुसरं कुणी बघा म्हणून कळवून टाकलं. त्यानं भरदुपारी शटर ओढलं आणि तिचं घर गाठलं.

मशीन कसं आणि कुणामुळं बंद पडायचं, ते त्यानं सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तू लहानपणापासून असाच. आईलाही सांगायचास, पातेलं मीच उचलून ठेवलं म्हणून."

आता हिला पटवायचं कसं? त्यानं वेग पुन्हा तेवढाच वाढवला, तिच्याच हातानं चित्र लावायला सांगितलं आणि कपाटाचं दार घट्ट बंद केलं. दोघं समोर बसून राहिले. ओटा उमटला, कपाटं उमटली. मशीन बंद पडू नये म्हणून ज्यानं जन्म घालवला, तो आज ते बंद पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. खिडकीत ऊन यायला लागलं, आणि स्क्रीन काळी झाली. थोड्या वेळानं ती आपोआप उजळली. चित्राचा मागमूस नव्हता.

"म्हणजे मी लावलं होतं," ताई म्हणाली. "दर वेळी लावलं होतं."

"हो."

तिनं डोळे पुसले. मग त्याच्याकडे वळून विचारलं, "तुला कधी कळलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं.

"त्या दुपारीच," तो म्हणाला. "कपाटाला हात लावला तेव्हाच."

ताईनं उठून कपाटाचं दार सताड उघडलं. मग तिनं हात पुढे केला. "किल्ली."

किल्ली त्याच्या खिशातच होती. ती घेऊन ताईनं चपला घातल्या.

"काम परत मागून येते," दारातून ती म्हणाली. "आल्यावर बोलते तुझ्याशी. विसरणार नाहीये मी."