उकंडरावांची ठिपक्यांची रेघ

जानेफळच्या बाहेर साळिंदरांची टेकडी आहे. तिच्या पोटात गुहा आहे, आणि गुहेच्या तोंडाशी चपला रांगेत काढून ठेवायची पद्धत उकंडरावांनी घालून दिली. आत अनवाणी जायचं, कारण पायाला दगड कळतो. चपलांची तोंडं मात्र बाहेरच्या बाजूला करून ठेवायची. परत आल्यावर ज्यानं त्यानं आपला जोड घालायचा आणि एक जरी जोड उरला तरी कोणी घराकडे वळायचं नाही. बुलढाण्याच्या गुहा मंडळाची बावीस वर्षं अशी गेली. एकही माणूस आत राहिला नाही.

त्या रांगेपाशी बसायचं काम भालचंद्रांचं. ते भूमी अभिलेख कार्यालयात नकाशे काढत. मंडळात नाव घातलं खरं, पण पहिल्याच दिवशी गुहेच्या तोंडाशी त्यांचे पाय लटपटायला लागले. मागून कोणीतरी हसलं. तेव्हा धोतर खोचून उभे असलेले उकंडराव मोठ्यानं म्हणाले, "यायले आत नका नेऊ हो. चपला राखाले भरवशाचा मानूस लागते." हसणं तिथंच थांबलं. त्या दिवसापासून भालचंद्र बाहेर बसत, आतल्यांनी आणलेली मापं वहीत उतरवून घेत आणि घरी नकाशा काढत. आत ते कधीच गेले नाहीत. उकंडरावांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

उकंडराव शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंत. खिशात नेहमी कापसाचा एक पुंजका असायचा. त्यातला तंतू काढून ते दगडाच्या फटीशी धरत, आणि तो हलला की सांगत, "इकडून वारा येऊन राह्यला." शहरातून आलेली शिकलेली पोरं आधी हसत आणि नंतर त्यांच्याच मागून चालत. कोणी घाबरलं तर ते त्याच्यापुढे बसून गूळ-शेंगदाणे काढत आणि खाणं संपेपर्यंत एक पाऊलही पुढे टाकत नसत.

त्यांच्या एका गोष्टीवर मात्र गावानं कधी विश्वास ठेवला नाही. बाराव्या वर्षी बकरीचं पिल्लू गुहेत शिरलं म्हणून ते त्याच्यामागे गेले, आणि मागच्या भिंतीत खांद्याच्या उंचीवर असलेल्या फटीतून पिल्लू काखेत मारून टेकडीच्या पलीकडे, नाल्याच्या अंगाला निघाले, असं ते सांगत. गावानं त्याची थट्टा केली. "उकंड्यानं टेकडी भोकली म्हने!" म्हातारपणापर्यंत ती त्यांना चिकटून राहिली. मंडळानं शोध घेतला, तर मागची भिंत बंद. भालचंद्रांनी नकाशात भिंतीपर्यंत पक्की रेघ ओढली आणि पुढे नुसते ठिपके दिले.

"भाऊ, हे ठिपके काऊन देले?" उकंडरावांनी विचारलं होतं.

"मोजलेलं नाही ना, उकंडराव. मोजल्याशिवाय पक्की रेघ मारता येत नाही."

त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बराबर हाये. नियम म्हनजे नियम." आणि स्वतः उठून भालचंद्रांना चहा ओतून दिला. तो चहा भालचंद्रांना पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिला.

मागच्या थंडीत उकंडराव गेले. ठिपके तसेच राहिले.

यंदा वर्षश्राद्धाला मंडळातले तिघं जानेफळला आले होते. भालचंद्र, शाळेत शिकवणाऱ्या निवेदिता मॅडम आणि उकंडरावांचा पुतण्या गजेंद्र. जेवताना बकरीच्या पिल्लाची गोष्ट निघालीच. उकंडरावांच्या पत्नी वच्छलाबाई वाढता वाढता थांबल्या आणि त्यांनी हातानं छातीएवढी उंची दाखवली.

"एवढुसे होते तवा. आमच्या सासूबाई सांगत, पोरगं कोनतं आन् बकरू कोनतं, लांबून समजेच नाही."

सगळे हसले. भालचंद्रांचा घास मात्र हातातच राहिला. त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली. 'फट खांद्याच्या उंचीवर. चार फूट आठ इंच.' हे माप त्यांनी स्वतः घेतलं होतं, उकंडरावांना ताठ उभं करून, टेप लावून. पण तो खांदा मोठ्या माणसाचा होता! बारा वर्षांच्या पोराचा खांदा साडेतीन फुटांवर. बावीस वर्षं सगळे चार फूट आठ इंचावर भिंत चाचपत होते, आणि ती चूक होती त्यांच्या वहीतली.

"गजेंद्र, मागच्या भिंतीशी जमीन कशी आहे?"

"मऊ हाये काका. हातभर तं वटवाघळायचं खतच साचलं."

"म्हणजे तेव्हापासून जमीन दीड फूट वर आली. तेवढं वजा. फट आता दोन फुटांवर, गुडघ्याच्या जरा वर. तिथं काय आहे?"

"तिथं?" गजेंद्रनं डोकं खाजवलं. "तिथं तं वरून पडलेला आपला चहाचा धोंडा हाये, टेकून बसाचा."

"अगं बाई!" निवेदिता मॅडम म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं आपण दारालाच टेकून चहा पीत होतो?"

हात धुऊन सगळे टेकडीकडे निघाले. वच्छलाबाईंनी टोपलीत एक जुना जोड घेतला आणि रांगेत तो सगळ्यांच्या आधी ठेवला. उकंडरावांचा.

"टेप मी धरणार," भालचंद्र म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "ठिपके मी दिलेत."

गजेंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं. "मंग चपला कोन राखन?"

"चपलांपाशी मी हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी जा."

आत भालचंद्रांनी टेपचं टोक शेवटपर्यंत सोडलं नाही. गजेंद्रनं पहार लावून धोंडा सरकवला. मागे काळी फट दिसली. भालचंद्र गुडघ्यांवर बसले आणि उकंडरावांसारखा खिशातून कापसाचा तंतू काढून फटीशी धरला. तंतू थरथरला, मग सरळ त्यांच्या तोंडाकडे उडाला.

"वारा!" ते ओरडले. इतक्या मोठ्यानं ते आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले होते.

फट अरुंद होती. सडपातळ भालचंद्र पुढे, मागे मॅडम, शेवटी शर्ट फाडून घेत गजेंद्र. एकेचाळीस फूट सरपटले. मग उजेड दिसला, गवत दिसलं, खाली नाला दिसला. भालचंद्र उभे राहिले. चष्म्यावर माती आणि हातात टेप. आणि ते पोरासारखे नाचायला लागले.

"उकंडकाकानं टेकडी भोकली!" गजेंद्र गावाकडे तोंड करून ओरडला. "भोकली रे भोकली!"

भालचंद्रांनी तिथंच दगडावर नकाशा पसरला आणि ठिपक्यांवरून काळी, पक्की रेघ ओढली. हात अजिबात हलला नाही.

मग तिघांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. चपला टेकडीच्या पलीकडे होत्या, आणि इथून तिथवर सगळे बोरीचे काटे. या टोकाला बाहेर पडलो तर काय, हा विचार कोणी केलाच नव्हता. गजेंद्रनं काकूंना फोन लावला.

अर्ध्या तासानं वच्छलाबाई टेकडीला वळसा घालून आल्या. डोक्यावर टोपली. त्यांनी नव्या तोंडाशी रांग मांडली, चपलांची तोंडं बाहेर. तिघांनी आपापले जोड घातले. एक उरला.

कोणी हललं नाही. नियम सगळ्यांना पाठ होता.

वच्छलाबाई फटीपाशी गेल्या आणि आत वाकून पाहिलं. वारा त्यांच्या पदराशी खेळत होता. मग त्यांनी आपल्या चपला टोपलीत टाकल्या आणि नवऱ्याच्या मोठ्या, झिजलेल्या चपलांत पाय घातले.

"चला आता," त्या म्हणाल्या. "कोनी आत नाही राह्यलं."

आणि फटाक फटाक आवाज करत त्या सगळ्यांच्या पुढे गावाकडे चालू लागल्या.